नांदूर मध्यमेश्वरच्या गाळाविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरला आहे, तो एकदा उपसला तर पाणीही वाढेल आणि पक्षीही, असे तू मागील पत्रात लिहिलेस. पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. मी मात्र गेल्याच आठवड्यात दोन दिवस चापडगावच्या काठावर काढून आलो आणि या मुद्द्यावर तुला सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हा बंधारा कालव्यांसाठी बांधला गेला, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. नद्यांनी वरून आणलेली माती पाणी संथ होताच येथे बसत गेली, साठा घटला आणि पाणपसाऱ्यात उथळ डबकी, दलदल व लहान लहान बेटे तयार झाली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, पुढे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याचेच नाव जाहीर झाले आणि आज अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद येथे आहे. हे सारे त्या गाळावर उभे आहे.

पाण्याची खोली वीतभर बदलली तरी खाणारा बदलतो, हे तेथे बसल्यावर डोळ्यांना दिसते. तुतारी ओल्या चिखलाच्या कडेनेच चोच खुपसत फिरते, शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर थोडा आत जातो, चमचा त्याहून आत उभा राहून अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवतो, आणि तलवार बदक शेपूट वर करून मानेच्या लांबीपर्यंतच तळ गाठू शकते. मुग्धबलाक या करकोच्याला गोगलगायी लागतात, त्याही या चिखलात मिळतात. उपसा करून पाणी खोल केलेस तर तळापर्यंत ऊन पोहोचणार नाही, पाण्याखालच्या वनस्पती वाढणार नाहीत, आणि बुडी मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्यांखेरीज फारशा कोणाची सोय उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणकणसाच्या, म्हणजे पाण्यातल्या उंच गवताच्या, दाटीतून एक जांभळी पाणकोंबडी अगदी वीस पावलांवर बाहेर आली. तिने चोचीने एक ताट बुंध्याशी ओढून काढले, पायाच्या लांब बोटांत पोपटासारखे धरले, वरची हिरवी साल सोलून टाकली आणि आतला पांढरा गाभा सावकाश खाल्ला. कपाळावरच्या लाल पट्टीवर ऊन पडले होते. ते पाणकणीस ज्या गाळात रुजले आहे, तोच तू उपसायला सांगतोस!

जलपर्णीच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे. ती पाण्यावर सलग पसरली की खालचा प्रकाश आणि प्राणवायू दोन्ही तोडते, बदकांना उतरायला मोकळे पाणी राहत नाही, आणि सांडपाण्यातून व शेतातल्या खतांतून येणारे नत्र तिला पोसत राहते. ती काढलीच पाहिजे, आणि काढून काठावर कुजत न ठेवता दूर न्यायला हवी. काठावरच्या बेशरमीच्या झुडपांबद्दलही माझे मत हेच आहे.

आता तुझ्याकडून मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. हिवाळ्यात वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचे ठरावीक पाणी, सुटले की येथील पातळी चढते आणि चिखलाच्या ज्या कडेवर शेकडो पक्षी चरत असतात, ती पाण्याखाली जाते. शेतकऱ्याचे पाणी अडवावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण तेच पाणी एकदम न सोडता हळूहळू चढवत आणले, तर कालव्यांच्या वेळापत्रकात कोठे अडचण येते, हे मला सविस्तर लिहून कळव.

तुझा,
मिलिंद