वाळूच्या पेटीशेजारी फरशीची पेटी ठेवायला सांगणाऱ्या भूवैज्ञानिक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. आम्हा विज्ञान शिक्षकांच्या गटाकडून हे आभाराचं पत्र. जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं इतर शाळांनाही जसंच्या तसं उचलता येईल.

भूजलाची पेटी बऱ्याच शाळांत करतात. पारदर्शक डबा, तळाला पाच सेंटिमीटर खडी, वर वाळू, आणि बोअर म्हणून हँडवॉशच्या बाटलीचा पंप. पंपाच्या नळीला जुन्या पायमोज्याचा तुकडा बांधा, हे तुमचं पहिलं सांगणं; नाहीतर वाळूचे कण आत जाऊन पंप बसतो. वाळू धुताना वरचं पाणी नितळ होईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर गढूळपणात पाण्याची पातळीच दिसत नाही.

पण खरे आभार पुढच्यासाठी. ही पेटी पाहून मुलं दोन चुकीच्या समजुती घेऊन घरी जातात, हे तुम्ही दाखवून दिलंत.

पहिली समजूत, जमिनीत मुरलं की पाणी शुद्ध होतं. गढूळ पाणी ओतलं की खालून बरंच नितळ येतं, टाळ्या पडतात, आणि तास तिथेच संपतो. तुम्ही म्हणालात, टाळ्या थांबायच्या आत दुसरा पेला ओता: पाण्यात खाण्याचा रंग आणि चमचाभर मीठ विरघळवून. पंपातून रंग येतो आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरचा आकडा चढतो. गाळ अडतो, विरघळलेलं अडत नाही. युरिया, विहिरीलगतचा उकिरडा आणि संडासाचा खड्डा यांतून नायट्रेट असंच खाली जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं; वरचं दूध पिणाऱ्या सहा महिन्यांखालच्या बाळांना ते सर्वांत घातक. टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, हा गैरसमजही तिथल्या तिथे खोडायला हवा. मीटर क्षार सांगतो, जंतू नाही.

दुसरी समजूत, जमिनीखाली सगळीकडे सारखंच पाणी असतं. वाळूची पेटी हेच शिकवते. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग मात्र बसाल्टवर आहे. पाणी मुरुमात, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात आणि काळ्या पाषाणाच्या फटींत. म्हणून शेजारी दुसरी पेटी: शहाबादी फरशीचे तुकडे फटी ठेवून रचायचे, काही फटी चिकणमातीने बुजवायच्या आणि दोन नळ्या सोडायच्या, एक उघड्या फटीत, एक बुजलेल्या. फरशी आणि डब्याची भिंत यांच्यातली जागा लिंपली नाही तर पाणी कडेनेच उतरतं आणि प्रयोग फसतो. नीट जमलं की एका नळीत रंग झटकन पोचतो, दुसरी कोरडी. ‘शेजाऱ्याला पाणी लागलं, आम्हाला का नाही?’ याचं उत्तर पोरांना तिथे मिळतं. (पाणाडीचा विषय मग आपोआप निघतो. तो निघू द्यावा.) शोषखड्डा विहिरीपासून 15 मीटरवर असला तरी मधे उघडी फट असेल तर ते अंतर का पुरत नाही, तेही दिसतं.

गणित तर आम्हाला फारच आवडलं. असा खडक आकारमानाच्या साधारण 2 टक्केच पाणी देतो, म्हणजे घनमीटरला 20 लिटर. त्यामुळे एक मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी 50 मिलिमीटर चढते, आणि तेवढंच उपसलं की तितकीच उतरते. चांगल्या पावसात तुडुंब दिसणारी विहीर मार्चमध्ये तळ का गाठते, हे सातवीच्या मुलाला भागाकारातून कळतं.

पातळी मोजायची तर सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. उपशानंतर लगेच मोजली तर ती खोटी खोल येते. कठड्यावर रंगाची एकच खूण ठेवून तिथूनच टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची. निदान मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. टेप शिक्षकाने धरायचा, कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना न्यायचंच नाही, ही तुमची अट आम्ही काटेकोर पाळतो.

टीसीएलचा, म्हणजे विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचा, हिशेबही मुलंच मांडतात. चार मीटर व्यासाची विहीर, तीन मीटर पाणी: 3.14 × 2 × 2 × 3 म्हणजे सुमारे 37,700 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 94 ग्रॅम पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहणारी चाचणी; तिचं द्रावण विषारी, म्हणून ती शिक्षकच करणार. पिवळा रंग आला नाही तर आधी पावडरीचं पोतं तपासायचं, तोंड उघडं राहिलं असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं. नायट्रेटवर मात्र टीसीएलचा काही उपयोग नाही, हे फळ्यावर वेगळं लिहायला तुम्ही सांगितलंत, तेही लिहितो.

जंतूंच्या चाचणीच्या काळ्या पडलेल्या बाटल्यांत ब्लीचिंगचं द्रावण घालून, काही वेळ थांबून मगच त्या टाकायच्या, ही तुमची चिठ्ठी प्रयोगशाळेच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. पुढच्या खेपेला फ्लोराइडबद्दल विचारायचं आहे, वेळ काढाल ना?

आपले कृतज्ञ,
विज्ञान शिक्षक