ड जीवनसत्त्वाची पुडी आणि मधुमेह

महोदय,

ड जीवनसत्त्व भरून काढले की रक्तातील साखर आपोआप उतरते, असा समज मधुमेही रुग्णांत पसरत आहे. माझ्या थोरल्या भावांना तो महागात पडला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्यांना डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे घेण्यास सांगितली होती. लवकर गुण यावा म्हणून ते ती रोज घेऊ लागले, आणि चिठ्ठी न पाहता पुड्या मिळत राहिल्याने हा क्रम तीन महिने चालला. तहान, वारंवार लघवी आणि बद्धकोष्ठता सुरू झाली तेव्हा साखरच वाढली असावी असे आम्ही धरून चाललो; प्रत्यक्षात रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेले होते. दोन्हींची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, आणि मधुमेहाने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना हा जादा भार सोसत नाही.

भावांच्या समजाला काहीच आधार नव्हता, असे मात्र नाही. इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी या जीवनसत्त्वाला प्रतिसाद देतात आणि मधुमेहींमध्ये त्याची पातळी बरेचदा कमी आढळते. परंतु स्थूल व्यक्तींमध्ये, तसेच उन्हात फारसे न जाणाऱ्यांमध्येही ती कमीच असते, त्यामुळे कमतरतेनेच मधुमेह झाला असे त्यावरून ठरत नाही. हे तपासण्यासाठी अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांची चाचणी झाली. निम्म्यांना रोज ४,००० युनिट, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे अडीच वर्षांत पहिल्या गटातील २९३ आणि दुसऱ्या गटातील ३२३ जणांना मधुमेह झाला. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. पुढे तीन चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटलेला दिसला. आपल्याकडे ५३१ जणांवर झालेल्या अभ्यासात मात्र आहार आणि चालण्यातील बदलानेच तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला होता. शिवाय हे सारे मधुमेह टाळण्याविषयी आहे. जडलेल्या मधुमेहात पुडी गोळ्यांची जागा घेते, असे यातून कोठेही निघत नाही.

खरी कमतरता असेल तर हाडे आणि स्नायूंसाठी ती भरून काढलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. निरोगी प्रौढाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट असताना एका पुडीत शंभर दिवसांचा साठा असतो, हे रुग्णाला कोणीतरी सांगायला हवे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुड्यांची संख्या आणि शेवटच्या पुडीची तारीख ठळक लिहावी, आणि औषध विक्रेत्यांनी त्या संख्येपलीकडे एकही पुडी देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, सातारा