घाट उतरताना

चिपळूण,
रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, कळलं नाही. आई म्हणते रेंज गेली. मला वाटतं ठेवलास. ठेवण्यासारखंच बोलत होतो म्हणा मी. म्हणून लिहायला बसलो. कागद मध्येच ‘बाबा, मला येतं’ म्हणत नाही.

तुला येतं, हे मला माहीत आहे. लायसन्सच्या वेळी आरटीओतल्या साहेबांनी गाडी रिव्हर्स घ्यायला लावली आणि तू एका दमात ती रेषेत आणलीस, हे मी अजून स्टँडसमोरच्या टपरीवर सांगतो. आमच्या वेळचे ड्रायव्हर आता मी तोंड उघडलं की चहा संपवून उठतात. घरात माझ्यानंतर स्टेअरिंगवर दादा बसणार असं सगळे धरून चालले होते. निघालीस तू.

तेव्हा गाडी चालवण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बाळाला मागच्या सीटवर घेऊन एकटी येतेस, तेही ठीक. प्रश्न फक्त कुंभार्ली घाटाचा.

उंब्रजपर्यंत हायवे आहे. पाटण, कोयनानगर हा रस्ता तुझ्या पायाखालचा. हेळवाक सोडलं की मात्र सावध. भाद्रपदात तिथे धुकं असं उतरतं की समोरचा ट्रक हॉर्नवरूनच कळतो. त्यात दरडीची माती. तू म्हणालीस, ऑटोमॅटिक गाडी आहे, गिअर बघायचेच नसतात. आणि जावईबापू म्हणतात म्हणे, उतारावर ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं. जावईबापूंबद्दल मी बोलणार नाही, तुझ्या आईची तशी ताकीद आहे. पण वाचत नाही पेट्रोल. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोराला जाऊन विचारून आलो. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअर लागलेला असताना उतारावर रेसवरचा पाय काढला की इंजिनाचं पेट्रोलच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जातच राहतं. म्हणजे हिशेबातही तोटा, आणि गाडी मोकाट.

त्याच पोराने दाखवलं, तुझ्यासारख्या गाडीत लिव्हर ‘डी’वरून ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलला घेता येतो. तिथे दुसरा धर. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलेलं. गाडी इंजिनाने आवरायची. ब्रेक वळणापुरता. सारखा पाय ठेवून उतरलीस तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल पायाखाली नुसतं मऊ जातं. त्याआधी जळका वास येतो. आला की कडेला घे, पाणीबिणी ओतू नकोस, गाडी आपसूक थंड होऊ दे. अरुंद जागी समोरून गाडी चढत असली तर तू थांब. चढणाऱ्याचा हक्क पहिला. धुक्यात अप्पर लावू नकोस, सगळा उजेड तोंडावर येतो. आणि

बघ, झालंच सुरू. माफ कर. दुसरं काहीतरी लिहितो.

कराडहून परतीच्या गाडीला तू केबिनमध्ये बॉनेटवर गोधडी टाकून बसायचीस, आठवतं? घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन कण्हायला लागलं की तुझा चेहरा उतरायचा. ‘बाबा, तिला दुखतंय का?’ आमचे कंडक्टर मोठे मिश्किल. म्हणायचे, ‘दुखत नाही गं, पळून जायचंय तिला, बाबा आवरतायत.’ मग तू पोफळी येईपर्यंत बॉनेटला थोपटत बसायचीस. खाली सपाटीला मी वरचा गिअर टाकला की कंडक्टरांना सांगायचीस, ‘शहाणी झाली.’

त्या दिवसांतलं एक तुला सांगितलेलं नाही. तू आजीकडे होतीस तेव्हा. माझ्यापुढे साखरेचा ट्रक उतरत होता. ड्रायव्हर कोवळा पोरगा. डिझेल वाचवायला त्याने न्यूट्रल केली असणार, कारण इंजिनाचा आवाज नव्हता, नुसता चाकांचा. मग मागच्या चाकांतून धूर आला, वास माझ्या केबिनपर्यंत. तो हॉर्न वाजवत सुटला. शहाणपण एवढंच की दरीकडे न जाता त्याने डोंगराला घासली. आम्ही धावत गेलो. जिवंत होता. स्टेअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटं आम्ही एकेक करून सोडवली. ‘काका, ब्रेक लागलाच नाही’ एवढंच म्हणत होता. त्या रात्री घरी आलो आणि आईवर उगाच ओरडलो, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं.

हे घाबरवायला लिहीत नाही. लिहायचंच नव्हतं खरं तर. आई वाचून म्हणेल, बाळंतपणातून उठलेल्या पोरीला असलं काय कळवता. पण २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदी घरात शिरली आणि आमचे फोन बंद पडले, तेव्हा तू पुण्यात कशी होतीस ते दादाने सांगितलंय मला. त्याला म्हणालीस, मी आत्ताच्या आत्ता निघते. तुला त्याने कसंबसं आवरलं. तेव्हा ‘बाबांना पाण्याचं कळतं’ म्हणून तू गप्प बसली होतीस का? नाही ना? मग.

आवरतं घेतो. मखराचं सामान आणलंय, दूर्वा तू आल्यावर तोडू. मोदकांचे तांदूळ आईने धुऊन वाळवलेत, पीठ इथेच आहे, तिकडून आणू नकोस. बाळाचं झबलं जाड घे, घाटात गार वारा लागतो. सकाळी लवकर आवरून निघ, म्हणजे उजेडात उतरशील. उशीर झाला तर पाटणला मुक्काम कर, गणपती काही पळून जात नाही. हेळवाकला चहा घेशील तेव्हा फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. घाटात फोन उचलू नकोस. मी केला तरी.