एका कानाच्या श्रोत्याचे क्लाराबाईंना पत्र

आदरणीय क्लाराबाई हास्किल यांस,
सादर प्रणाम.

हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. 7 डिसेंबर 1960 रोजी ब्रसेल्समध्ये आपले निधन झाले, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरीही आभार मानल्यावाचून राहवत नाही. कारण गेल्या काही महिन्यांत आसपासच्या कोणालाही जे साधले नाही, ते आपल्या पियानोवादनाच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनी माझ्यासाठी केले.

माझा डावा कान एका रात्रीत गेला. उपचारांची हकिगत सांगत बसत नाही. ती लांबलचक आहे आणि तिचा शेवट ‘सवय होईल’ या दोन शब्दांत झाला. ते शब्द ज्यांनी उच्चारले, त्यांनी समोरच्या कागदावरून मानही वर केली नाही. आता संगीत कसे ऐकायचे, असे मी विचारले, तर ‘एक कान शाबूत आहे ना?’ असा उलट प्रश्न आला. स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या एका परिचितांनी तर वाद्यवृंदाचा नाद आता सोडून द्यावा, असा सल्लाही देऊन टाकला. हेडफोन लावला की स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची एक अख्खी बाजू नाहीशी होते, हे यांपैकी एकालाही सुचले नाही. पहिली व्हायोलिने बहुधा डावीकडे बसतात. माझ्यापुरती ती जणू मैफलीतून उठून गेली होती. उरलेले तुकडे ऐकण्यापेक्षा काहीच न ऐकणे बरे, असे ठरवून मी तीन महिने संगीताला हात लावला नाही.

मग एके दिवशी, केवळ जुन्या सवयीने, मोत्सार्टचा एकोणिसावा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लावला: 1955 सालचे, संचालक फेरेन्त्स फ्रिचाय आणि बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांच्यासोबतचे आपले ध्वनिमुद्रण. ते मोनो आहे. त्यात डावी-उजवी बाजू मुळातच नाही. साऱ्या वाद्यांचा आवाज एकाच वाटेने येतो, आणि कोण पुढे, कोण मागे, हे आवाजाच्या वजनावरून ओळखायचे असते. दोन कानांचा माणूस त्यात जेवढे ऐकतो, तेवढेच मीही ऐकत होतो. आजवर ज्याला जुन्या काळातली उणीव समजून मी नाक मुरडत आलो, त्याच मोनोने मला इतर श्रोत्यांच्या रांगेत पुन्हा बसवले. शेवटच्या भागात वाद्यवृंद एकामागून एक स्वरवाक्यांचा पाठलाग सुरू करतो, तिथे प्रत्येक धागा मला वेगळा ऐकू आला आणि मी चक्क रडलो.

परंतु आपले खरे ऋण आहे ते विसाव्या कॉन्चेर्टोतल्या एका क्षणाचे. संचालक पाउमगार्टनर यांच्यासोबतचे आपले जुने ध्वनिमुद्रण मी त्यानंतर शोधून काढले. डी मायनर या स्वरश्रेणीतली ही रचना मोत्सार्टने 10 फेब्रुवारी 1785 रोजी पूर्ण केली आणि दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात वाजवली. शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही त्याला सवड मिळाली नव्हती. आरंभी दोन मिनिटांहून अधिक काळ वाद्यवृंद धुमसत राहतो. मग सारे थांबतात आणि पियानो एकटा बोलू लागतो. त्या वादळाला उत्तर द्यायचे म्हणून या जागी आवाज चढवणारे वादक मी पुष्कळ ऐकले आहेत. आपण तसे करत नाही. कोणी आजारी माणसाच्या खोलीत दार न वाजवता यावे, खुर्ची ओढून बसावे आणि हलक्या आवाजात ‘काय म्हणता?’ असे विचारावे, तसा आपला तो प्रवेश आहे. ती सुरावट वाद्यवृंद पुढे कधीच आपल्या तोंडी घेत नाही. अखेरपर्यंत ती एकट्या पियानोचीच राहते. गेल्या काही महिन्यांत माझी अशी विचारपूस कोणी केली असेल, तर ती त्या चार-दोन ओळींनी केली.

हे सौजन्य आपल्या वादनात सर्वत्र आहे. ओबो किंवा बासून यांसारखे एखादे फुंकवाद्य काही सांगू लागले की आपला पियानो मागे सरतो, त्याचे वाक्य पुरे होऊ देतो आणि मगच उत्तर देतो. त्याला आधार देतानाही आपण देतो आहोत हे दाखवत नाही. आपल्या पाठीचा कणा वाकडा होता, तरुणपणी काही वर्षे शरीर प्लास्टरमध्ये जखडलेले होते, 1942 मध्ये मार्सेय येथे दृष्टीच्या मज्जातंतूजवळची गाठ काढावी लागली, आणि मोठी कीर्ती मिळाली तीही युद्धानंतर, पन्नाशी उलटल्यावर. यातले काहीही आपण पियानोवर ऐकवत नाही. आपल्या चरित्रातून करुणा उकळणारे लेख मला म्हणूनच रुचत नाहीत. ऐकताना मला आपली कीव कधी आली नाही, आणि आपणही माझी केली नाहीत.

एक कबुली द्यायची आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर 1960 मध्ये, आपण संचालक इगॉर मार्केव्हिच यांच्यासोबत पॅरिसमध्ये विसावा आणि चोविसावा हे दोन्ही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केलेत. मोत्सार्टचे मायनरमधले कॉन्चेर्टो एवढेच. ते ध्वनिमुद्रण स्टिरिओ आहे, म्हणून इतके दिवस मी ते टाळत आलो. काल मात्र दोन्ही बाजू एकत्र करून एका कानाकडे वळवल्या आणि चोविसावा अखेरपर्यंत ऐकला. ओबो आणि क्लॅरिनेट दोन्ही असलेला तो वाद्यवृंद किती काळजीने डावी-उजवीकडे मांडला असेल, आणि मी तो सगळा एका जागी गोळा केला. मार्केव्हिच भेटले तर माझ्या वतीने त्यांची तेवढी क्षमा मागावी.

आपला कृतज्ञ,
एक श्रोता