साउथपोर्टच्या ओल्या वाळूबद्दल, जिंजर मॅकेन यांना

आदरणीय मॅकेन साहेब,

तुम्ही 2011 मध्ये गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते, कारण तुम्ही शर्यतीसाठी घडवलेल्या रेड रम या घोड्याच्या जिवावर माझं निम्मं काम चालतं आणि त्याबद्दल आजवर कुणाचेच आभार मानले नाहीत.

मी मूळची साताऱ्याची, पेशाने फिजिओथेरपिस्ट, नोकरी इंग्लंडमधल्या तुमच्या साउथपोर्टजवळ. पेशंट बहुतेक सत्तरी ओलांडलेले. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाचा गुडघा बदललेला. चालायला उठा म्हटलं की "उद्या बघू". पण रेड रमचा विषय निघाला की हीच माणसं खुर्चीत सावरून बसतात. कुणी त्याला किनाऱ्यावर पळताना पाहिलेलं असतं, कुणाच्या वडिलांनी त्याच्यावर पैसे लावलेले असतात. बोलता बोलता पाय उचलला जातो, मी गुपचूप आकडे मोजत राहते.

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर आपल्या लोकांनी पाहिलेली शर्यत म्हणजे सपाट मैदानावरची धाव. ग्रँड नॅशनल हे निराळंच प्रकरण. लिव्हरपूलच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर त्या काळी सात किलोमीटरहून लांब अंतर आणि वाटेत 30 उड्या. धडधाकट घोडे त्यात आडवे होतात. आणि तुम्ही 1972 मध्ये 6,000 गिनी (जुनं ब्रिटिश चलन) मोजून आणलात तो सात वर्षांचा, बरेच हात बदललेला, खुराच्या आतलं हाड सुजणारा घोडा. पेडल ऑस्टिआयटिस. टाप जमिनीवर आपटली की कळ थेट हाडात, आणि पळणं हाच ज्याचा धंदा त्याला टापा आपटल्यावाचून गत्यंतर नाही.

विकत घेताना तुम्हाला या दुखण्याचा पत्ता नव्हता म्हणतात. पैसे नोएल ल मेअर यांचे, वय चौऱ्याऐंशी, नॅशनल जिंकायची आयुष्यभराची हौस. तुम्ही टॅक्सी चालवायचात तेव्हापासूनचे ते तुमचे गिऱ्हाईक. अशा माणसाचा नवा घोडा पहिल्याच दिवसांत वाळूवर लंगडताना दिसला, तेव्हा तुमच्या पोटात काय झालं असेल! तुम्ही त्याला समुद्राच्या पाण्यात घालायला सांगितलंत. तो बाहेर आला तो नीट पाय टाकत.

हे मी पेशंटना सांगते तेव्हा जरा हात राखून सांगते. एका घोड्याचं बरं होणं म्हणजे पुरावा नव्हे. पण माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर त्यात चमत्कार वाटावा असंही काही नाही. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तरी कडक रस्त्यासारखा दणका देत नाही. थंड पाण्याने पायातली आग कमी होते, दुखणं दबतं. मुख्य म्हणजे हे एकदाच करून तुम्ही थांबला नाहीत. तुमच्याकडे ना श्रीमंती पागा होती ना हिरवी कुरणं. तबेला जुन्या मोटारी विकायच्या दुकानामागे, आणि सरावाला फुकटचा समुद्रकिनारा. ज्याला लोक गरिबी म्हणायचे ती त्या खुरांच्या पथ्यावर पडली. रोज तेच अंतर, तीच वाळू, आणि सोबत बिली एलिसनसारखा मोतद्दार. त्याचेही आभार इथेच मानते. त्या पायांवरून रोज हात फिरवायचा तो त्याने.

पुढचं साऱ्या इंग्लंडला पाठ आहे. 1973 ला क्रिस्प नावाचा घोडा रेड रमपेक्षा 23 पौंड जास्त वजन घेऊन धावत होता, बराच पुढे होता, आणि शेवटच्या काही पावलांत जॉकी ब्रायन फ्लेचरने रेड रमला पाऊण लांबीने (घोड्याच्या अंगाची लांबी) पुढे काढलं. जुना विक्रम 18 सेकंदांहून जास्त फरकाने मोडला. खरं सांगू? ती चित्रफीत पाहताना मी दर वेळी क्रिस्पच्याच बाजूची होते. 1974 ला क्रिस्पवर होतं तेच 12 स्टोनचं (सुमारे 76 किलो) ओझं तुमच्या घोड्यावर आलं, तरी जिंकला, आणि त्याच मोसमात स्कॉटिश नॅशनलही मारली, तेव्हा कुठे माझी तक्रार मिटली. 1975 आणि 1976 ला दुसरा. 1977 ला बाराव्या वर्षी, टॉमी स्टॅकला पाठीवर घेऊन, 25 लांबींनी पहिला. पाच नॅशनल, प्रत्येकीत 30 उड्या, आणि एकदाही पडला नाही. या शर्यतीत घोडे मरतात, म्हणून मला ती मनापासून आवडत नाही. याचं न पडणं मात्र आवडतं.

1978 ला सहाव्यांदा उतरायच्या आदल्या दिवशी हाडात केसाएवढी चीर सापडली. तुम्ही त्याला उतरवलं नाहीत, तिथेच निवृत्त केलंत. सगळ्यात जास्त आभार मला याचे मानायचे आहेत. दुखतंय पण खेळतो म्हणणारे आणि खेळ म्हणणारे मी रोज बघते. साऱ्या देशाच्या नजरा खिळलेल्या असताना आदल्या दिवशी "नाही" म्हणणारे फार कमी. घोडा त्यानंतर सतरा वर्षं जगला, दुकानांची उद्घाटनं केली, नॅशनलच्या मिरवणुकीत पुढे चालला. 1995 मध्ये एन्ट्रीच्या विजयखांबाजवळ पुरला त्याला.

आता एक हिशेब राहिला. बाई स्वार असलेला घोडा नॅशनल जिंकणं शक्य नाही, असं तुम्ही 2005 मध्ये चारचौघांत ठणकावून सांगितलं होतंत. 2021 ला रेचेल ब्लॅकमोरने मिनेला टाइम्सवर ती जिंकली. त्यावर तुम्ही काय बोलला असतात, यावरून माझ्या दोन पेशंट आजोबांमध्ये परवा चांगलीच जुंपली, आणि भांडता भांडता दोघेही काठीशिवाय दारापर्यंत गेले.

आपली कृतज्ञ,
साउथपोर्टची एक मराठी फिजिओथेरपिस्ट