ताटात काय ते आपण ठरवायचं, पोटात किती ते तिनं

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

दीड वर्षाच्या ओवीनं जेवणच सोडलं म्हणतेस. आधी एक हिशेब बघ. मुलीचं वजन पहिल्या वर्षात साधारण साडेपाच किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोंनी. वाढ मंदावली की भूकही मंदावते. ती खेळते, हसते, म्हणजे तिला तेवढंच लागतं. घरोघरी नेमकं याच वयात मोबाईल समोर धरून घास कोंबणं सुरू होतं, आणि तिथेच बिघडतं. चित्रं बघता बघता मूल गिळत राहतं, पण पोट भरल्याची खूण त्याला कळेनाशी होते.

म्हणून वाटणी करून टाक. काय, कधी आणि कुठे बसून हे आपण ठरवायचं. किती ते तिनं. तिनं तोंड फिरवलं, ओठ मिटले, घास ढकलला की जेवण झालं. २०-२५ मिनिटांनी न रागावता ताट उचल. "आणखी एक काऊचा, एक चिऊचा" नको.

मात्र मधलं खाणं बंद केल्याशिवाय हे जमणार नाही. पाळणाघरातून आल्यावर बाटलीभर दूध, संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की हातात पाव, वर चहात बुडवलेलं बिस्कीट. मग आठ वाजता भात कुठे जाणार? तीन जेवणं, दोन लहान खाणी, मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, द्यायची तर ती पाचचं खाणं म्हणून, बसवून, मऊ उसळीत कुस्करून दे. चहा मुळीच नको, अन्नातलं लोह तो अंगी लागू देत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि पोट मात्र त्यानंच भरतं. दिवसाला ४०० मिली पुरे, तेही पेल्यातून. बाटली आता सोडव.

पेजेचं एक सांगते. उकड्या तांदळाची पेज चांगलीच, पण वरची निवळ पाजली तर पोटात पाणीच जातं. शितं मऊ शिजवून घोट, इतकी दाट की चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये. त्यात मूठभर मूग किंवा अंडं आणि चमचाभर खोबरेल. तिजान, म्हणजे नाचणीची खीर, करताना २ चमचे नाचणीचं पीठ आधी कपभर थंड पाण्यात कालव, मग चुलीवर ठेव. गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतात. सात-आठ मिनिटं ढवळत राहा. दोन वर्षांपर्यंत गूळसाखर नको, गूळही साखरच. पिकलेलं रसबाळी केळं कुस्करलं की पुरेसं गोड लागतं.

मासळी जरूर दे. तारली, बांगडा उत्तम. मोरी, म्हणजे शार्क, नको, मोठ्या माशांत पारा साठतो. मिरची घालण्याआधी तिचा तुकडा हळद-पाण्यात वेगळा शिजव. मधला काटा डोक्याकडून उचलला की अख्खा येतो, पण बांगड्याच्या मध्यरेषेवर सुईसारखे बारीक काटे मागे राहतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. मास दोन बोटांत चिमटून, कणाकणानं चुरून बघ, मगच भातात मिसळ. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा अंडं आणि कडधान्य आहेच. खारं, म्हणजे सुकी खारवलेली मासळी, मात्र तिच्या ताटात नको, मीठ फार.

तांबडी भाजी थुंकली म्हणून वगळू नकोस. नवी चव ओळखीची व्हायला कधी कधी दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते. एकच चमचा वाढ, शेजारी तिला आवडतं असं काहीतरी ठेव. तिनं हातानं चिवडलं, वास घेतला, तरी ती एक पायरीच. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" असं कधी म्हणू नकोस. त्यानं भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

काजू, शेंगदाणे, चणे पाच वर्षांपर्यंत अख्खे नकोत, श्वासनळीत अडकतात. काजूची पूड तिजानात घाल. द्राक्षं उभी चिरून चार फोडी कर. खाताना बसलेलीच हवी, पळता पळता घास नको.

वजन रोज नाही, महिन्यातून एकदा. आरोग्य केंद्राच्या कार्डातली रेघ वर चढते आहे तोवर घाबरू नकोस. ती दोन महिने सपाट राहिली, किंवा ओवी फिकट, मलूल दिसली, तर डॉक्टरांकडे ने आणि रक्त तपासून घे.

रविवारी येताना तिची वाटी-चमचा आण. खिशातल्या गोड गोळ्या तिला द्यायच्या नाहीत, असं बाबांना बजावून ठेवलं आहे. ओवी आमच्याबरोबर पाटावर बसेल, जेवेल तेवढं जेवेल.

तुझी आई