‘लीड काइंडली लाइट’ वादळात लिहिलेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याची यात्रा ओसरली की सोलापुरातल्या शाळांना ३० जानेवारीच्या प्रार्थनासभेचे वेध लागतात. ‘वैष्णव जन’च्या जोडीला गांधीजींच्या आवडीचे ‘लीड काइंडली लाइट’ हे ख्रिस्ती भजनही बसवले जाते. निवेदनात त्याची जन्मकथा अशी सांगतात: जहाज वादळात सापडले, लाटा उसळल्या आणि कार्डिनल (कॅथलिक पंथातले वरिष्ठ धर्मगुरू) न्यूमन यांनी देवाचा धावा करत हे भजन लिहिले. ही कथा खरी नाही. तिच्यामुळे भजन गायलेही चुकीचे जाते, म्हणून हे पत्र.

जॉन हेन्री न्यूमन तेव्हा ३२ वर्षांचे, ऑक्सफर्डमधले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मोपदेशक होते. कॅथलिक ते १८४५ मध्ये झाले, कार्डिनल १८७९ मध्ये. १८३३ च्या एप्रिलमध्ये इटलीच्या प्रवासातले सोबती इंग्लंडला परतले आणि न्यूमन एका नोकराला घेऊन पुन्हा सिसिली बेटावर गेले. तिथे तापाने त्यांना असे गाठले की नोकराने शेवटच्या सूचना विचारून घेतल्या. बरे वाटल्यावर तिथल्या पालेर्मो बंदरात तीन आठवडे खोळंबा झाला. अखेर फ्रान्समधल्या मार्सेयला निघालेली संत्र्यांची नाव मिळाली, तर कोर्सिका आणि सार्डिनियाच्या मधल्या बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत वाराच पडला. शिडाची नाव ती, वाऱ्याशिवाय हलणार कशी? पुरता एक आठवडा ती तिथेच अडकली. ताप, पालेर्मो, संत्र्यांची नाव, पडलेला वारा हे सगळे न्यूमन यांनी स्वतः १८६४ मध्ये लिहून ठेवले आहे. कवितेखाली तारीख आहे १६ जून १८३३.

वादळात सापडलेला माणूस ‘वाचव’ म्हणतो. इथे तो शब्द कुठेच नाही. घरची ओढ लागलेला, आजारातून उठलेला माणूस समोरचे पाणी हलत नाही म्हणून अडकला आहे आणि म्हणतो, लांबचे दाखवू नकोस, एक पाऊल दिसले तरी पुरे. त्यामुळे पहिल्या ओळीपासून आवाज चढवून, मेजावर ठेका धरून हे गाणे म्हणजे त्याचा जीव काढून घेणे आहे. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये गांधीजींवर हल्ला झाला आणि त्यांना रेव्हरंड जोसेफ डोक यांच्या घरी नेले. गालाला आणि ओठाला टाके, बोलायला मनाई. डोक यांच्या छोट्या मुलीने, ऑलिव्हने, हे भजन म्हणावे, अशी इच्छा गांधीजींनी कळवली. डोक यांनी तिला खुणेने बोलावले, दारात उभे केले आणि हळू आवाजात गायला सांगितले. तालीम घेणाऱ्यांनी मुलांना हा प्रसंग आधी सांगावा. आवाज आपोआप खाली येतो.

आता प्रत्यक्ष गाण्याविषयी. प्रचलित चाल जॉन बॅकस डाइक्स यांची, १८६५ ची. भजन लोकप्रिय झाले ते या चालीमुळे, असे न्यूमन स्वतःच म्हणत. कडव्याच्या सहा ओळींत अक्षरे १०, ४, १०, ४, १०, १० अशी पडतात. घोळ होतो तो दोन छोट्या ओळींवर. ‘लीड दाऊ मी ऑन’ (मला पुढे ने) संपली की मुले श्वास न घेता पुढच्या लांब ओळीत घुसतात आणि ती ओळ मध्येच तुटते. खरी मागणी त्या चार अक्षरांतच आहे. ती पूर्ण लांबीने धरा, मग श्वास घ्या. दुसरी अडचण पहिल्याच ओळीत, ‘अमिड द एन्सर्कलिंग ग्लूम’मध्ये, येते. ‘द’ आणि ‘एन्सर्कलिंग’ वेगळे म्हटले की अक्षरे अकरा होतात आणि सगळा वर्ग अडखळतो. ‘देन्सर्कलिंग’ असे जोडूनच म्हणायचे. चाल तीन मात्रांची असल्याने तबलजी हमखास दादरा धरतात आणि दोन ओळींत लय पळू लागते. तबला नकोच, नुसती पेटी पुरे, भाता सारखा चालता ठेवून. पट्टी ठरवताना सर्वांत वरचा स्वर मुलांकडून आधी म्हणवून घ्यावा. तिथे ओरडावे लागत असेल तर एक पट्टी खाली यावे.

वेळ वाचवायला दुसरे कडवे गाळतात, ते गाळू नये. आपला हट्ट आणि गर्व कवी तिथेच कबूल करतो. सिसिलीला एकट्याने जाण्याच्या हट्टाचीच ही शिक्षा, असे त्या आजारपणात न्यूमन यांना वाटत होते. ते कडवे गेले की पहिल्या कडव्यातली विनवणी पोकळ होते. काही पुस्तकांत चौथे कडवे छापलेले सापडते. ते इंग्रज धर्मोपदेशक बिकरस्टेथ यांनी मागाहून जोडले, न्यूमन यांचे नव्हे. मूळ कडवी तीनच.

ज्या शाळांत इंग्रजी उच्चार जमत नाहीत त्यांनी नरसिंहराव दिवेटिया यांचे ‘प्रेमळ ज्योति’ हे गुजराती रूपांतर घ्यावे. गांधीजींच्या आश्रमात ते गायले जाई आणि पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी संपादित केलेल्या आश्रम भजनावलीत ते आहे. निवेदकांनी वादळ वगळून, वारा पडून आठवडाभर अडकलेली संत्र्यांची नाव एवढेच सांगितले तरी चालेल.

आपले,
भजनगायन शिकवणारे काही वाचक, सोलापूर